हॉलमधला गारवा

छगन मिस्तरीने दाराच्या चौकटीला मापाचा टेप लावला तेव्हा धुरपदाबाई पलीकडच्या खोलीत कॉटवर बसून त्याच्याकडेच पाहत होती. चौकट रिकामीच होती. खुब्याचं हाड मोडून म्हातारी आडवी झाली, तेव्हा कॉट आत न्यायला दार काढलं होतं. ते परत बसवायला कुणाला सवड झाली नाही.

हॉलमध्ये एसी येऊन आठवडा झाला होता. मे महिन्यातलं मुक्ताईनगर, भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. अशात एसी आला, पण हॉल काही गार होईना. एसीवाला येऊन पाहून गेला आणि सांगून गेला, सगळा गारवा त्या मागच्या खोलीत जातोय. म्हणजे म्हातारीकडे. या घरात एवढी एकच गोष्ट आपणहून तिच्याकडे जात होती, तीही लेकाच्या डोळ्यांत खुपली.

कुंदनचं म्हणणं सरळ होतं. माय चालत नाही, हॉलमध्ये येत नाही. तिचं ताट सून मागच्या ओट्यावरून नेऊन देते. मग ही चौकट ठेवायची कशाला? लाकडी पट्ट्यांचा सांगाडा ठोकायचा, दोन्हीकडून प्लाय, मध्ये थर्माकोल. सुनेने, नूतनने, त्या जागी टीव्ही लावायचं ठरवूनही टाकलं होतं. मायला जुना कूलर होताच. त्यात पाणी कोण भरणार, हा विषय मात्र कुणी काढला नाही.

याच कुंदनने केळीच्या बागेला चारी बाजूंनी हिरवी नेट बांधली होती. झाडांना गरम वाऱ्याची झळ सोसत नाही म्हणे.

सांगाडा उभा राहिला तशी पट्ट्यांमधून म्हातारीने हाक मारली.

"कुंदन, राहू दे रे ते दार."

"माय, वापरातच नाही ते. तू कुठं चालते?"

"चालाले नाही लागत रे मले. पाहाले लागते."

कुंदन मोबाइल पाहत राहिला. मग म्हातारी मागणीत आणखी खाली उतरली. निदान वीतभर काच तरी बसवा म्हणाली. नातू खेळताना दिसतो, नूतन भाजी निवडताना दिसते, समोरच्या भिंतीवर नवऱ्याचा, चुडामण आबांचा फोटो दिसतो. तेवढ्यावर तिचा दिवस निघत होता. छगन हातातली पट्टी धरून थांबला. काचेतून गारवा जातो, पुढे पाहू, असं कुंदनने सांगितलं. हे 'पुढे पाहू' म्हातारीने या घरात पुष्कळ ऐकलं होतं.

छगनने मागून जाऊन तिच्या बाजूची प्लाय आधी ठोकली. प्लाय बसेपर्यंत म्हातारी हॉलकडेच पाहत होती.

जेवणं झाल्यावर एसी लावला. थोड्या वेळात हॉल असा गार झाला की नूतनने अंगावर ओढणी ओढून घेतली. तरी कुंदनचं समाधान होईना, कुठे फट राहिली असेल तर? छगनने युक्ती सांगितली, उदबत्ती धरून बघा, धूर ओढला गेला की समजा तिथे फट आहे. कुंदनने आबांच्या फोटोपुढची उदबत्ती पेटवली आणि नव्या भिंतीच्या कडेकडेने फिरवली. सगळीकडे धूर सरळ वर गेला. खाली फरशीजवळ, एका कोपऱ्यात, तो वाकला आणि आत शिरला. छगन पुट्टी कालवून तिथे बसला.

तेवढ्यात त्या फटीतून आवाज आला.

"कुंदन, भरदुपारी उदबत्ती कशाले लावली रे? कोन गेलं?"

छगनने बोटावर पुट्टी घेतली होती. त्याने वर कुंदनकडे पाहिलं.

"भर," कुंदन म्हणाला.