दहा कमानी

"फिसकटले. पुन्हा दे," आजोबा म्हणाले.

धाकटीला ठसे चांगलेच उठलेले वाटत होते. पण आजोबांचा सगळा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. डोळ्याला भिंग लावून ते बोलले की घरात कुणी वाद घालत नसे. त्यांनी तो कागद घडी करून खिशात टाकला. तिने दहाही बोटं पुन्हा शाईच्या गादीवर टेकवली. डाव्या अंगठ्यावर सुरी लागल्याची जुनी खूण होती. तिथे शाई धरेना, नुसती पांढरी रेघ उमटली.

शाळेच्या प्रदर्शनासाठी घरातल्या सगळ्यांचे ठसे हवे होते. बाईंनी सांगितलं होतं, शंभर बोटं पाहिली तर साठ-पासष्टांवर शंख, तीसेकांवर चक्र, आणि कमान जेमतेम पाचांवर. नक्षी बऱ्याचदा घराण्यात चालत येते.

आई, बाबा, आजी, ताई, सगळ्यांचे शंख नाहीतर चक्रं. धाकटीच्या दहाही बोटांवर कमानी.

"बघ, मी म्हणत नव्हते?" ताई खिदळली. "तुला भंगारवाल्याकडून घेतलंय. जुन्या पंख्याच्या बदल्यात!"

ताई हे नेहमीच म्हणायची आणि धाकटी तिची वेणी ओढायची. आज तिने ओढली नाही.

"आई, खरं सांग. मी कुणाची?"

"कुणाची म्हणजे काय? माझी!" आईच्या हातातलं पातेलं ओट्यावर आदळलं. बाबांनी उगाचच पंखा बंद केला आणि पुन्हा लावला.

"माझे कुठे घेतलेत अजून?" आजोबा उठले. "आण ती शाई."

"इथेच द्या ना."

"तुमच्या गलक्यात हात हलतो माझा."

ते खोलीत गेले, दार लोटलं. बाहेर आले तेव्हा बोटं काळीकुट्ट होती आणि हातातल्या घडी पडलेल्या कागदावर दहा कमानी.

"घ्या! आता मलाही घाला भंगारात."

ताईचं तोंड एवढंसं झालं. आई हसता हसता डोळे पुसू लागली. धाकटीने तो कागद घरभर नाचवला, मग चिकटवायला बसली. बसल्या बसल्या तिने आजोबांचं भिंग डोळ्याला लावलं.

आजोबांच्या डाव्या अंगठ्यावर एक पांढरी रेघ होती.

तिने आपला डावा अंगठा त्या रेघेशेजारी धरून पाहिला. आजोबा समोर उभे होते, काळी बोटं पाठीमागे धरून.

"काय गं? नीट उठलेत ना?"

धाकटीने भिंग खाली ठेवलं.

"अगदी नीट," ती म्हणाली. "आजोबा, मी तुमच्यावरच गेलेय."