झेंड्याची दोरी

"गाठ तू बांध, हुकूमही तूच दे. दोरी मी ओढतो," केशवराव म्हणाले. "पयल्यापासूनचा रिवाज हाये, पोरी."

दीक्षा वर्दीत होती. फौजेत भरती झाल्यावरची तिची ही पहिलीच मोठी सुट्टी. 'शाळेची माजी विद्यार्थिनी, भारतीय सैन्यातील जवान दीक्षा श्रावण वानखडे यांच्या हस्ते झेंडावंदन' असं पत्रिकेवर ठळक छापलं होतं. ती पत्रिका तिच्या आजीने आठ दिवस वस्तीतल्या घराघरांत, वरूडच्या बाजारात, बसमध्ये शेजारी बसलेल्यालासुद्धा दाखवली होती. आणि आता सव्वीस जानेवारीच्या सकाळी, खांबाशी उभे राहून संस्थेचे अध्यक्ष केशवराव ते छापलेलं सगळं गिळून टाकत होते. हेडमास्तर स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

"पत्रिकेत मायं नाव हाये. त्याचं काय?"

"नाव तर हायेच ना. फोटोत बाजूले उभी राय."

पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर आजी, मनकर्णाबाई, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या लुगड्यात बसली होती. तिने हे ऐकलं. उठली आणि पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिली.

तीस वर्षं तिने या शाळेचं पटांगण झाडलं होतं. दर सव्वीस जानेवारीला ती झाडू घेऊन त्याच टाकीपाशी थांबायची. झेंड्यातून पडलेल्या पाकळ्या उचलायला पुढे यायची, ती केशवराव मानेने खूण करतील तेव्हाच. आज हातात झाडू नव्हता, पण पाय बरोबर जुन्या जागी गेले. दीक्षाच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने झेंड्याची घडी घातली, आत झेंडूच्या पाकळ्या भरल्या आणि गाठ मारायला घेतली. एक पीळ जास्त दिला की झालं. साहेब ओढत बसतील आणि झेंडा वर गुंडाळलेलाच राहील. फौजेच्या ट्रेनिंगमध्ये एकदा तिची गाठ अशीच अडकली होती. शिकवणाऱ्या उस्तादाने भर उन्हात तीच गाठ शंभर वेळा बांधायला आणि सोडायला लावली होती. त्या दिवसापासून तिच्या हाताला खोटी गाठ यायची बंद झाली. आताही आली नाही. फजिती करायची तर केशवरावांची करावी, झेंड्याची कशाला?

गाठ बांधलेला झेंडा खांबाच्या टोकाला गेला. पोरं रांगेत उभी राहिली. केशवराव टोपी सारखी करत दोरीपाशी आले.

"परेड, सावधान!"

चारशे पोरांचे पाय एकदम आपटले. रस्त्यावरून संत्र्यांचे क्रेट घेऊन चाललेला ट्रॅक्टरसुद्धा थांबला. केशवरावांनी दोरीकडे हात नेला.

"अध्यक्षसाहेब." दीक्षाचा आवाज तेवढाच मोठा होता. "सावधान म्हटलं. सावधानमध्ये कोणी हालत नसते."

हात हवेतच राहिला. पाचवीच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. हुकूम द्यायला आपणच सांगितलं होतं, हे केशवरावांच्या आता ध्यानात आलं असावं. चारशे पोरं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी हात सावकाश खाली घेतला आणि पायजम्याला चिकटवला.

दीक्षा दोन पावलं पुढे गेली. दोरी धरली. एका झटक्यात गाठ सुटली, पाकळ्या भुरभुरत खाली आल्या आणि झेंडा उघडला. तिने सलामी दिली. राष्ट्रगीत सुरू झालं.

ते संपलं तरी तिने 'विश्राम'चा हुकूम दिला नाही. कोणीही हललं नाही. टाकीपाशी मनकर्णाबाई चपला काढून, हात सरळ, हनुवटी वर करून उभी होती. तिचं लक्ष झेंड्याकडे होतं. इतक्या वर्षांत पाकळ्यांच्या आधी झेंडा बघायला तिला कधी सवड झाली नव्हती.

केशवरावांच्या भुवईवर एक पाकळी येऊन बसली होती. ती झटकायची सोय नव्हती.

"पोरी," ते ओठ न हलवता पुटपुटले, "आता हालू काय?"

"थांबा," दीक्षा समोर बघतच म्हणाली. "मायी आजी म्हणन तवा."