महापौर पडले!

“महापौर पडले!” शिपाई जिन्यातून ओरडला, आणि खाली निकालाची वाट पाहत थांबलेल्या गर्दीने टाळ्या वाजवल्या. मतमोजणी तर अजून चालूच होती. महापौर पडले होते ते खुर्चीतून.

स्लोव्हेनियातल्या त्या लहानशा गावात त्यांचा खुर्च्यांचा कारखाना होता. निवडून आल्या दिवशी त्यांनी पालिकेची खुर्ची बाहेर काढायला लावली आणि स्वतःच्या कारखान्यातली आणवली. आज तिचाच पाय मोडला होता. त्यांनी तातडीने कारखान्यातल्या मुख्य सुतारणीला, मिलेनाबाईंना बोलावून घेतलं आणि फरशीवर बसूनच जाब विचारला.

“माझ्याच कारखान्याची खुर्ची मोडते कशी? लोकांना काय तोंड दाखवू?”

मिलेनाबाईंनी चष्मा चढवला, खुर्ची उलटी केली आणि बैठकीखाली चिकटवलेली चिठ्ठी वाचून दाखवली. “हमी फक्त चार वर्षांची. खाली सही तुमचीच आहे, साहेब. कालच चार वर्षं पूर्ण झाली.”

तेवढ्यात शिपाई पुन्हा आला. या वेळी तो ओरडला नाही. खाली मान घालून म्हणाला, “साहेब, आता खरंच पडलात. एकशे बारा मतांनी.”

महापौरांनी मूठ आवळली. “हरकत नाही! मी पुन्हा उभा राहीन!”

मिलेनाबाईंनी त्यांना उठवायला हात पुढे केला.

“सोमवारपासूनच राहा की, साहेब. कारखान्यात आम्ही तीस वर्षं उभेच आहोत. तिथे आम्हाला बसायला तुम्ही एकही खुर्ची ठेवू दिली नाहीत.”