शोभनीय

"वैजयंतीबाई, शाळेच्या अ‍ॅपवरची कालची पोस्ट गोड होती हं!" मुख्याध्यापिकांनी फोन पुढे धरला. पडद्यावर होते: 'आईसोबत सुंदर दिवस!' खाली बारीक अक्षरांत: 'शिक्षकास शोभेल असे रूपांतर.'

वैजयंतीबाई गोंधळल्या. त्यांनी लिहिले होते, 'आज आईने मला ओळखले नाही.' त्यांच्या स्वतःच्या फोनवर अजूनही तेच शब्द होते.

मग त्यांची नजर शिक्षकखोलीच्या खिडकीशी एकटेच बसलेल्या पोंक्षे सरांकडे गेली. सरांच्या पोस्टवर रोज एकच वाक्य दिसे, 'मजेत आहे.'

त्या हळूच त्यांच्याजवळ बसल्या. "सर, तुम्ही रोज खरं काय लिहिता?"

सर बावरले. "महिनाभर मदतच मागतोय, बाई. आणि तुम्ही सगळे हसरे चेहरे पाठवता."