पुराव्याची बादली

बादलीला हात लावायचा नाही, असं किशनरावांनी बजावलं. केवळाबाईंनी हात लावलेलाच होता, तो काढून घेतला.

बादली मागच्या खोलीत, माळवद जिथं गळत होतं त्याच्या बरोबर खाली होती. आठवडाभर पाऊस झोडपत होता आणि छताच्या मातीतून चहाच्या रंगाचं पाणी टपटपत होतं. किशनरावांच्या लेखी ते पाणी नव्हतं, पुरावा होता. अतिवृष्टीत पडझड झालेल्या घरांचे पंचनामे होणार, अनुदान मिळणार, अशी दवंडी झाली होती. किशनरावांची सगळी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेलेली. तिकीट दाखवल्याशिवाय प्रवास सिद्ध होत नाही, तसा गळती दाखवल्याशिवाय पाऊस सिद्ध होत नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

सिद्धराम गवंडी छत बघून गेला होता. तुळया काढून पत्रे टाकायचे तर खर्च किती येईल, हे त्यानं सांगितलं तेव्हा किशनरावांनी हातातला चहा खाली ठेवला. एवढं नको असेल तर वरून ताडपत्री अंथरून पांढरी माती बसवू, दोन दिवसांचं काम, आतलं काही हलवावं लागणार नाही, असंही तो म्हणाला. किशनराव म्हणाले, आधी पंचनामा, मग दुरुस्ती. कोरड्या घराचा पंचनामा कोण करतं?

"कंडक्टर," सिद्धराम म्हणाला, "छत काय बेल मारल्यावर थांबत न्हाई."

घाई केवळाबाईंना होती. लेक आरतीचं पहिलं बाळंतपण, आणि शेक-शेगडीला, आडोशाला घरात ती एकच खोली. शिरूर अनंतपाळहून विहीणबाईंनी गोड शब्दांत निरोप धाडला होता की, घर कोरडं असलं तर लेकीला न्या, नाहीतर इथं काय कमी आहे. केवळाबाईंनी तो निरोप नवऱ्याला जेवताना ऐकवला, झोपताना ऐकवला आणि एकदा दाढी करतानाही ऐकवला. गालाला वस्तरा लागला तेवढाच फरक पडला.

"मॅडम येऊन जाऊ दे," किशनराव म्हणाले.

मॅडम म्हणजे तलाठी मनिषा मॅडम. गावं पुष्कळ होती आणि मॅडम एक.

तेवढ्यात नांदेडला किशनरावांच्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. पंचनामा चुकेल म्हणून ते जायला तयार नव्हते. केवळाबाईंनीच समजूत काढली. पट्टी सुटताना सख्खा भाऊ समोर नको का? मॅडम आल्याच तर मी दाखवीन सगळं. शिवाय एसटीचा पास फुकटचा होता, आणि फुकटचा पास पडून राहणं किशनरावांच्या तत्त्वात बसत नव्हतं. ते निघाले, कोपऱ्यावरून परत आले, बादलीचं पुन्हा बजावलं आणि मग गेले.

चार दिवसांनी आले ते थेट मागच्या खोलीत. बादली जागच्या जागी, काठोकाठ भरलेली. पाणी मात्र नितळ होतं, बुडाचा पोचासुद्धा दिसत होता. म्हणजे छतातली माती वाहून संपली, नुकसान वाढलं. किशनरावांना बरं वाटलं.

गोठ्यात शेळी दिसली नाही. चिखल लई झाला, भावाकडं धाडली, असं केवळाबाईंनी सांगितलं. शेळीच्या बाबतीत किशनराव खोलात जात नसत.

त्यांचा दिवस तलाठी कार्यालयाच्या ओट्यावर जाई आणि रात्र पुढच्या खोलीत. खडखडत्या गाडीत उभ्यानं झोपायची सवय झालेल्या माणसाला पाऊस काय उठवणार? मागच्या खोलीत कोपरा धरून केवळाबाई निजत. सकाळी बादली भरलेली असे. किशनराव ती स्वतः ओतत, होती तिथंच ठेवत आणि समाधानानं चहा मागत.

एका दुपारी ते घरी आले तर आरती मागच्या खोलीत पाय पसरून शेंगा खात बसलेली. जावई सोडून गेले होते.

"विहीणबाई तयार कशा झाल्या?" त्यांनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं.

"घर कोरडं हाय म्हणून सांगितलं."

"खोटं सांगितलंस?"

केवळाबाई भाकरी थापत राहिल्या.

किशनरावांना हे पटलं नाही. पण गळक्या छताखाली बसलेली दिवस भरत आलेली लेक पंचनाम्यात उठून दिसेल, हे लक्षात आल्यावर त्यांनी विषय वाढवला नाही.

मॅडम आल्या त्या दिवशी पाऊसही आला. असा योग तीस वर्षांच्या नोकरीत एकाही गाडीचा जुळला नव्हता. पंच म्हणून सिद्धरामला बोलावणं गेलं. किशनरावांनी मॅडमना खुर्ची दिली, छतावरचे डाग दाखवले आणि भरलेली बादली त्यांच्यादेखत ओतून पुन्हा जागेवर ठेवली. रिकाम्या बादलीत आवाज चांगला येतो.

सगळे वर बघत राहिले. बाहेर पन्हाळ धो धो वाहत होता. मॅडमचा चहा संपला. किशनरावांनी बादली वीतभर डावीकडं सरकवली, मग उजवीकडं. बादलीत काही पडलं नाही.

"काका, गळतंय कुठं?"

"रोज भरती, मॅडम. आख्खी."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

सिद्धराम चरायला नेलेली शेळी ओढतच पावसातून आला. दारात त्यानं दावं सोडलं, तशी शेळी कुणाला न विचारता गोठ्यात गेली आणि जुन्या खुंट्याशी जाऊन उभी राहिली.

केवळाबाईंनी पदराला हात पुसले.

"रोज भरायचा तरास गेला बाई," त्या म्हणाल्या. "आवो, आता हलवू का बादली?"