बिब्ब्याचा डाग

बुधाजीचा उजवा पाय मांडीवर घेऊन त्याची बायको सगुणा टाच धूत होती. मिठागराचं काम सरत आलं की खाडीकाठी घरोघर हेच चालतं. पाय धुवायचे, दिव्यावर बिब्बा तापवायचा, सुईनं टोचून त्याचं तेल भेगांत सोडायचं. भेग बुजते. मागं काळा डाग राहतो, नि पावसाळ्यात कातडीबरोबर तोही झडतो.

पान खायला आलेल्या शेजारच्या कोंडाजीला बुधाजी स्वराज्याच्या सालातली हकिकत ऐकवत होता.

"ह्याच टाचेला फुरसं चावलं. दात त्याचेच पडले. मंग रोज दारात येऊन पेज मागायचं."

"नि तू दिलीस?"

"दिली ना. मीठ घालून."

कोंडाजी हसला. सगुणा हसली नाही. टाचेखालचा काळा डाग तिनं चिखल समजून काथ्यानं घासला, तर त्याच्या कडेतून रक्त आलं. कडही सरळ नव्हती. भरतीचं पाणी शेतात शिरावं तशी वेडीवाकडी पसरली होती. मधे काळी, एका अंगाला तांबूस, दुसऱ्या अंगाला निळसर.

"बिब्बा मुरलाय," कोंडाजी डोकावून म्हणाला. "आमचेबी पाय तसेच."

"बिब्बा झडतो, भावजी. ह्यो वाढतोय. दिवाळीत तिळाएवडा व्हता. मीबी बिब्बाच समजले."

कोंडाजीच्या हातातलं पान हातातच राहिलं. त्याच्या भावाला, भागोजीला, असाच डाग होता. दुखत नाही म्हणून भागोजीनं आणखी एका सालाचं मीठ काढलं. डाग वाढू लागला तेव्हाच त्याला आणलं असतं तर टाचेचा तुकडा कापून निभावलं असतं, असं मुंबईचा डॉक्टर म्हणाला. भागोजी लाँचमधून परत आला तो चादरीत गुंडाळलेला.

"मला दुखत न्हाय," बुधाजी म्हणाला.

"भागोजीलाबी दुखत न्हवतं."

"जांघेत गाठ आलीय तेवडी, अवधाण. शिमग्यापासनं. पायाला काय लागलं की येतंच ते."

गाठीचं नाव निघालं तसा कोंडाजी उठला. भागोजीच्याही जांघेत शेवटी अशीच गाठ आली होती. बुधाजीकडे न बघता म्हणाला, "वयनी, सकाळची लाँच धरा," नि निघून गेला.

  पाय वळवून बुधाजीनं टाचेचा तळ बघायचा प्रयत्न केला, पण आखडलेला गुडघा काही वळेना.

"सगुणे, केवडा झालाय गं?"

सगुणा उभ्या जन्मात खोटं बोलली नव्हती. घरात ते काम एकट्या बुधाजीनं उचललेलं होतं. तिनं डागावर अंगठा ठेवला. अंगठ्याच्या चारी बाजूंनी काळं उरलं.

"मुगाएवडा," ती म्हणाली.