घड्याळदुरुस्तीचा वर्ग

मनाच्या आजारांवर मोफत मदत करणाऱ्या एका संस्थेचं ऑडिट मी करत होते. तीन वर्षांचे हिशेब अगदी चोख होते, पण एक गोष्ट काही केल्या कळेना.

"दारावर पाटी घड्याळदुरुस्ती वर्गाची. ती रंगवल्याचं बिलही आहे. पण तीन वर्षांत साधा स्क्रूड्रायव्हर घेतलेला दिसत नाही. शिकवता तरी काय?"

चिटणीसबाईंनी सभेच्या ठरावांची वही पुढे सरकवली. "बघा, एकमताने ठराव झालाय. आधीच्या पाटीवर 'मानसिक आरोग्य केंद्र' लिहिलं होतं. वर्षभरात चार माणसं आली, त्यातली दोन पत्ता विचारायला. पाटी बदलली आणि खुर्च्या पुरेनात. घरी सांगायला काहीतरी लागतं ना हो!"

मी माझा आक्षेप खोडून टाकला.

संध्याकाळी बाबा त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या क्लासहून आले. दोन वर्षं बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नेहमीसारखं म्हणाले, "या रविवारी नक्की दुरुस्त करतो."

एरवी मी त्यांची हमखास टर उडवते.

"घड्याळाचं राहू द्या हो बाबा," मी म्हणाले. "क्लास तेवढा चुकवू नका."